पोच नसलेला निरोप

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले होते. मोठ्या हॉलमध्ये टेबले ओळीने मांडलेली होती. एका टेबलावर पुठ्ठ्याचे सुंदर घर होते. आत छोटा पंखा, दोन दिवे, अंगणात पाण्याची मोटार. वर फलक होता : 'लो फ्रिक्वेन्सी रेडिओवर चालणारे स्मार्ट घर'. नववीतल्या मुलीने पाठ केलेले निवेदन न अडखळता म्हटले आणि हातातल्या पेटीवरचे बटण दाबले. तिच्या घरातला दिवा लागला. त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरच्या, दुसऱ्याच शाळेच्या घरातला पंखाही फिरू लागला.

मुले हसली. दोन्हीकडचे शिक्षक ओशाळले. "मॅडम, सकाळी नीट चालत होतं," असे एकाने सांगितले. ते खरेही असणार, कारण सकाळी शेजारचे टेबल मांडलेले नव्हते.

कारण शोधायला पाच मिनिटे लागली. दोन्ही शाळांनी बाजारात मिळणारी तीच जोडी वापरली होती : ४३३ मेगाहर्ट्झचा छोटा प्रक्षेपक व ग्राही आणि संकेत बनवायला व ओळखायला एचटी-१२-ई आणि एचटी-१२-डी या चिप. या चिपना आठ पत्ता-पाय असतात. प्रत्येक पाय जमिनीला जोडायचा किंवा मोकळा सोडायचा, म्हणजे एकूण २५६ वेगवेगळे पत्ते होऊ शकतात. पण छापील आकृतीत आठही पाय जमिनीला जोडलेले दाखवलेले असतात आणि दोन्ही शाळांनी आकृती बरहुकूम उतरवली होती. २५६ पत्ते असलेल्या गावात दोघांनी एकाच घराचा नंबर घेतला होता.

ही चूक किरकोळ, आणि तिच्यासाठी मी गुण कापले नाहीत. पण त्या दिवशी हॉलमध्ये असे रेडिओवर चालणारे घर एकूण सहा टेबलांवर होते आणि सहाही ठिकाणी मला एकच गोष्ट खटकली. ती अजून खटकते, म्हणून हा लेख.

आधी फलकावरच्या 'लो फ्रिक्वेन्सी'बद्दल. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'लो फ्रिक्वेन्सी' म्हणजे ३० ते ३०० किलोहर्ट्झ. ४३३ मेगाहर्ट्झ त्याच्या हजारपटीहून वर आहे आणि त्याच्या पट्ट्याचे नावच 'अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी' असे आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथ जिथे चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या तुलनेत ती कमी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. सहा गटांपैकी एकालाही 'कशापेक्षा कमी?' या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. वर्गात 'जड', 'थंड', 'वेगवान' हे शब्द सापेक्ष असल्याचे आपण शिकवतो. तेच इथे लावायचे.

खरोखरच्या कमी वारंवारतेची घरगुती उपकरणेही आहेत, आणि ती दाखवली तर मुलांना फरक कळेल. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संकेत प्रक्षेपित होतो आणि युरोपभरची घड्याळे तो ऐकून स्वतःला लावून घेतात. तिथे तरंगलांबी जवळजवळ चार किलोमीटर! आणि घरातली उपकरणे दुरून चालवण्याच्या इतिहासात तर सुरुवातच कमी वारंवारतेने झाली. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'एक्स-१०' ही पद्धत काढली. तिच्यात १२० किलोहर्ट्झचे संकेत घरातल्या विजेच्या तारांमधूनच पाठवले जात. विजेचा दाब दर आवर्तनात दोनदा शून्यातून जातो, त्या शांत क्षणी संकेताची एक छोटी लकेर सोडायची. एका पूर्ण हुकुमाला विजेची सत्तेचाळीस आवर्तने लागत, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर जवळजवळ एक सेकंद. गती बैलगाडीची, पण वेगळी तार ओढावी लागत नसे. त्या मूळ पद्धतीत एक उणीव होती. दिव्याला 'लाग' म्हटल्यावर दिवा 'लागलो' असे सांगत नसे. पुढे उलट उत्तर देणारी उपकरणे आली, पण सवय पडून गेली होती, आणि ती सवय आजच्या स्वस्त रेडिओ उपकरणांनी वारशाने घेतली आहे.

आता दुसरा दावा. 'कमी वारंवारतेच्या लहरी हवेत कमी विरतात म्हणून लांब जातात' असे पाच फलकांवर लिहिले होते. हे वाक्य अर्धे बरोबर आहे, आणि अर्धे बरोबर वाक्य शिकवायला सर्वांत अवघड. काही मीटरच्या अंतरावर हवा या लहरींचे जवळजवळ काहीच शोषत नाही, ना ४३३ मेगाहर्ट्झचे, ना २.४ गिगाहर्ट्झचे. लहर पसरत जाते म्हणून विरळ होते, आणि तिचे विरळ होणे अंतराच्या वर्गावर अवलंबून असते, वारंवारतेवर नाही. फरक पडतो तो अँटेनाने. पाव तरंगलांबीची तार ४३३.९२ मेगाहर्ट्झला १७.३ सेंटिमीटर लागते, २.४५ गिगाहर्ट्झला ३ सेंटिमीटर. पावसात मोठे भांडे आणि छोटी वाटी ठेवावी तसे हे आहे. अँटेना लहरींतली जी शक्ती गोळा करते ती तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन तरंगलांब्यांचे गुणोत्तर सुमारे ५.६५, त्याचा वर्ग ३२. म्हणून तेवढ्याच शक्तीच्या प्रक्षेपकापासून तेवढ्याच अंतरावर २.४५ गिगाहर्ट्झची छोटी तार बत्तिसावा भाग शक्ती गोळा करते. पाऊस दोन्हीकडे सारखाच होता.

भिंतींची गोष्ट वेगळी. विटा, काँक्रीट, ओल यांत जास्त वारंवारतेच्या लहरी सामान्यतः जास्त शोषल्या जातात, तेवढ्यापुरता फलक बरोबर. पण मग उपकरण बनवणारे काय करतात? १७.३ सेंटिमीटरची तार काडेपेटीएवढ्या डबीत मावत नाही, म्हणून तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी करतात किंवा सरळ आखूड कापतात. जे मोठे भांडे मिळवण्यासाठी ही वारंवारता निवडली, तेच भांडे चेपून वाटीएवढे करून टाकतात! शिवाय घरातल्या चार्जर, एलईडी दिव्यांचे अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर यांचा विद्युत गोंगाट वारंवारता कमी तसा वाढत जातो. खोक्यावर छापलेले '१०० मीटर' हे अंतर मोकळ्या मैदानातले असते. घर म्हणजे मैदान नव्हे.

आणखी एक गंमत मुलांकडून जरूर करून घ्यावी. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी थेट आलेल्या लहरीत मिसळतात आणि खोलीत कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. बेरजेच्या जागेपासून वजाबाकीची जागा पाव तरंगलांबीवर, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटरवर असू शकते. वीतभरसुद्धा नाही. काल चालणारे उपकरण आज फडताळ सरकवल्यावर बंद पडते ते यामुळेच.

हे सगळे मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून म्हणते आहे, पण मला ते कळले घरी, आणि जरा महाग पडून.

माझ्या सासूबाई तळमजल्यावरच्या खोलीत झोपतात, आम्ही वर. त्यांना रात्री काही लागले तर बोलावता यावे म्हणून मी बाजारातून रेडिओ घंटा आणली. गळ्यात अडकवायचे बटण आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची घंटा. खोक्यावर १५० मीटर लिहिलेले. बटण दाबले की बटणावर छोटा लाल दिवा लागे आणि वर स्वयंपाकघरात घंटा वाजे. चार महिने उत्तम चालले. मग थंडीतल्या एका रात्री तीनच्या सुमाराला त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या. त्यांनी बटण दाबले. आम्हांला काहीही ऐकू आले नाही. साडेपाचला दूधवाला आला तेव्हा दार उघडायला खाली आले, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या. हाड मोडले नव्हते एवढेच नशीब. मनगट सुजले होते आणि थंडीने ओठ काळेनिळे.

"आई, बटण का नाही दाबलंत?"

"अगं दाबलं की. तीन-चारदा दाबलं. लाल दिवा लागत होता, म्हटलं वाजली असेल, येतच असशील. सारखं सारखं दाबून पोरांची कशाला झोप मोडायची?"

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन घेऊन बसले. नवऱ्याने खाली बटण दाबायचे, मी वर मोजायचे. पन्नासपैकी अकरा वेळा घंटा वाजली. मग आठवले की त्याच आठवड्यात घंटेशेजारच्या सॉकेटमध्ये नव्या एलईडी दिव्याचा अ‍ॅडॉप्टर आला होता. तो काढला. पन्नासपैकी एकोणपन्नास.

अशा स्वस्त घंटांमध्ये बहुधा 'सुपर-रिजनरेटिव्ह' पद्धतीचा ग्राही असतो. एडविन आर्मस्ट्राँग यांची ही १९२२ची कल्पना. एकाच ट्रान्झिस्टरला आंदोलनाच्या काठावर आणून सोडायचे, पुन्हा मागे खेचायचे, असे सेकंदाला हजारो वेळा. अगदी थोड्या सुट्या भागांत कमालीची संवेदनशीलता मिळते, आणि त्या कल्पकतेचे मला आजही कौतुक वाटते. पण हा ग्राही निवडक नसतो. शेजारी गोंगाट झाला की त्याला आपला आवाज आणि परका आवाज वेगळा काढता येत नाही.

तरीही माझी तक्रार त्या ग्राहीविषयी नाही. गोंगाट होणारच, फडताळे सरकणारच. तक्रार त्या लाल दिव्याविषयी आहे. तो दिवा प्रक्षेपकाच्या बॅटरीला जोडलेला असतो. 'मी बोललो' एवढेच तो सांगतो. सासूबाईंनी, आणि मीही, त्याचा अर्थ 'त्यांनी ऐकले' असा घेतला. दिवा नसता तर त्यांनी वीस वेळा बटण दाबले असते. पन्नासात अकरा, म्हणजे पाचात एक या हिशेबाने, वीस वेळांत घंटा एकदाही न वाजण्याची शक्यता शेकड्यात जेमतेम एक उरते. दिव्याने त्यांना चौथ्या वेळेनंतर थांबवले.

पूर्वी साधे कार्ड पेटीत टाकले की ते पोचले की नाही हे उत्तर आल्याशिवाय कळत नसे. महत्त्वाचा कागद असला तर माणसे चार पैसे जास्त देऊन रजिस्टर करत आणि सहीची पोचपावती परत आल्यावरच निर्धास्त होत. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज म्हणजे पोच नव्हे, हे अडाणी माणसालाही ठाऊक होते. प्रदर्शनातल्या सहाही घरांत, आणि माझ्या घंटेत, पेटीत कार्ड पडल्याचा आवाज पोच म्हणून खपवला जात होता.

पोच का नसते? विचारले की उत्तर मिळते, 'बॅटरी संपते.' हे तपासून पाहू. वर्गात फळ्यावर होण्यासारखा हिशेब आहे. एका बटण-सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास धरा. बोलताना आणि ऐकताना उपकरण प्रत्येकी १५ मिलिअँपिअर घेते असे धरा. सतत कान देऊन बसायचे तर २२० भागिले १५, म्हणजे पंधरा तासांच्या आत सेल संपला. इथवर कारखानदाराचे म्हणणे खरे आहे. पण सतत ऐकायला सांगितले कुणी? मिनिटातून एकदा एक-दशांश सेकंद बोलणारे उपकरण सरासरी ०.०२५ मिलिअँपिअर घेते आणि ८८०० तास, म्हणजे वर्षभर चालते. आता प्रत्येक बोलण्यानंतर फक्त वीस मिलिसेकंद कान उघडा ठेवू, तेवढ्यात पलीकडून 'मिळाले' यायला हवे. सरासरी ०.०३० होते आणि आयुष्य ७३०० तासांवर येते. (झोपेतला प्रवाह व सेलची स्वतःची गळती दोन्ही हिशेबांत सोडली आहे.) म्हणजे पोचेची किंमत वर्षातले दोन महिने. घंटेचे बटण तर दिवसात चारदा दाबले जाणार, तिथे ही किंमत शून्यच म्हणायची.

खरी किंमत पैशांची आहे. बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणारी चिप दोन्हीकडे लागते आणि ती साध्या जोडीपेक्षा महाग पडते. पण 'बॅटरी परवडत नाही' आणि 'आम्हांला स्वस्त विकायचे आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

अशी उपकरणे नाहीत असे मुळीच नाही. 'झेड-वेव्ह' या पद्धतीत प्रत्येक हुकुमाची पोच येते, न आल्यास हुकूम पुन्हा जातो आणि थेट पोचत नसेल तर मधल्या उपकरणाच्या खांद्यावरून जातो. तिच्या बाबतीत आपल्याकडच्या मंडळींची वेगळीच फसगत होते. भारतात ती ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालते, कारण आपल्याकडे २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना मोकळा झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. अमेरिकेत तीच ९०८.४२ वर चालते. तिकडून सुट्टीला येणारा भाचा मावशीसाठी हौसेने स्विच घेऊन येतो, पण ते स्विच इथे मोबाइलच्या पट्ट्यात बोलू लागते. फोनकडून टॉवरकडे जाणारे संकेत ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये असतात. आणलेली भेट इथल्या यंत्रणेशी जुळत नाही आणि वर बेकायदा ठरते.

एकतर्फी रेडिओ टाकाऊ आहे असा मात्र कुणी अर्थ काढू नये. गच्चीवरचा तापमापक दर मिनिटाला आकडा पाठवतो. एक आकडा हरवला तर पुढचा येतोच, आणि मिनिटात तापमान बदलून बदलणार किती? तिथे पोच मागणे म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्याची पावती दिल्लीला पाठवण्यासारखे. बातमी आणि हुकूम या दोन वेगळ्या जाती आहेत. पुन्हापुन्हा येणारी बातमी हरवली तर चालते. एकदाच दिलेला हुकूम हरवून चालत नाही. त्यातही 'मोटार बंद कर' हा हुकूम हरवणे 'दिवा लाव' हरवण्यापेक्षा महाग. आणि बातमीतही एक पोटजात आहे : दार उघडले तरच बोलणारा संवेदक. तो गप्प असेल तर दार बंद आहे, की त्याचा सेल मेला आहे? तासाला एकदा 'मी आहे' एवढे त्याने म्हटले तरी ही शंका फिटते.

प्रदर्शनातल्या एका गटाने यावर उपाय म्हणून प्रत्येक हुकूम पाच वेळा पाठवला होता. कल्पना चांगली, पण त्यांचा हुकूम होता 'आहे त्याच्या उलट कर'. पाचपैकी पाच पोचले तर दिवा लागे, चारच पोचले तर लागून-विझून पुन्हा अंधार. मुले बिचारी सोल्डरिंग तपासत होती. बिघाड तारेत नव्हताच, वाक्यात होता. 'लाव' आणि 'विझव' असे दोन वेगळे हुकूम ठेवले असते तर पाचदा काय, पन्नासदा पाठवले तरी बिघडले नसते.

दाराचे कुलूप या जातीच्या रेडिओवर टाकू नये, हे एका वाक्यात सांगून पुढे जाते. ईव्ही-१५२७ सारख्या चिपमध्ये दहा लाखांवर संकेत असतात खरे, पण तोच संकेत दर वेळी उघड्या हवेत बोलला जातो. एकदा ऐकून जसाच्या तसा म्हणून दाखवणाऱ्याला तो फोडायची गरजच नाही. दर वेळी बदलणारे संकेतही अभेद्य नाहीत, हे २०१५ साली सॅमी कामकार यांनी छोटेसे उपकरण बनवून दाखवले.

हवेतल्या गर्दीबद्दल मात्र थोडे थांबू. ही उपकरणे बोलण्यापूर्वी दुसरा कुणी बोलतो आहे का ते ऐकत नाहीत. ऐकण्याची सोयच नसते. समजा एका इमारतीत चाळीस उपकरणे आहेत आणि प्रत्येक जण मिनिटातून एकदा, मनाला येईल तेव्हा, एक-दशांश सेकंद बोलतो. माझे बोलणे शाबूत राहायचे तर माझ्या सुरुवातीच्या आधीच्या एक-दशांश आणि नंतरच्या एक-दशांश सेकंदात दुसऱ्या कुणी सुरुवात करता कामा नये. एका शेजाऱ्याने त्या काळात तोंड न उघडण्याची शक्यता २९९/३००. एकोणचाळीस शेजाऱ्यांसाठी तिचा एकोणचाळिसावा घात, म्हणजे ०.८८. आठातला एक निरोप गेला, आणि कुणाचेही यंत्र बिघडलेले नाही! संभाव्यतेच्या धड्याला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची टर्मिनले मुख्य संगणकाशी रेडिओने जोडणारी 'अलोहा' यंत्रणा उभी केली, तिच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी पहिल्या दिवसापासून पोच ठेवली होती. पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलायचे, आणि तो वेळ प्रत्येकाने चिठ्ठी काढावी तसा वेगळा घ्यायचा. अर्ध्या शतकापूर्वी सुटलेली गोष्ट आपण खोक्यातून काढून टाकली आणि उरलेल्याला 'स्मार्ट' म्हणू लागलो.

आता आपल्याकडे, म्हणजे शिक्षक आणि परीक्षक यांच्याकडे वळते. त्या दिवशी माझ्या हातात जे गुणपत्रक होते त्यात कल्पकता, मांडणी, उपयुक्तता, निवेदन असे रकाने होते. 'शंभर वेळा केले तेव्हा किती वेळा चालले?' असा रकाना नव्हता. मुले हुशार असतात, ज्याला गुण तेच करतात. परीक्षकासमोर एकदा चालले की झाले. मुलांनी बटण दाबले, दिवा लागला, टाळ्या पडल्या, पण त्यात प्रयोग कुठेच नव्हता. तीच जोडी, तेच पुठ्ठ्याचे घर घेऊन बटण शंभरदा दाबा आणि मोजा. मग मधे लोखंडी कपाट आणा, पुन्हा मोजा. ओली चादर टांगा, चार्जर शेजारी आणा, तार १७ सेंटिमीटरवरून ५ वर आणा, ग्राही वीतभर सरकवा, दोन गटांनी एकदम बटणे दाबा, आणि दर वेळी आकडा लिहा. चार-पाचशे रुपयांच्या साहित्यात आठवडाभर पुरेल इतके भौतिकशास्त्र त्यात आहे, आणि त्यातला बराचसा भाग अपयश मोजण्याचा आहे. आमच्या खोलीत शंभरपैकी त्र्याहत्तरच का पोचले, असे विचारणारा फलक मला अजून एकाही प्रदर्शनात दिसलेला नाही.

त्या दिवशी शेजारचा पंखा फिरवणाऱ्या मुलीशी मी नंतर बराच वेळ बोलत बसले. पोचेची कल्पना तिला लगेच पटली. घराकडून परत येणारा संकेत आणि तो आला तरच लागणारा हिरवा दिवा तिने गुणपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढूनही दाखवला. मग पेन्सिल थांबली.

"मॅडम, पण पोचच हरवली तर?"

मी म्हटले, हरवू शकते. दिवा लागलेला असेल आणि तुला कळणार नाही.

"मग पोच मिळाल्याची पोच पाठवायची?"

"आणि ती हरवली तर?"

तिने बोटे मोजून पाहिली, दोन पायऱ्या वर गेली आणि हसली. हवेतला कुठलाही निरोप हरवू शकत असेल तर दोन्हीकडच्यांना एकाच वेळी पूर्ण खात्री देणारी निरोपांची मालिका बनवताच येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ती तिथे पोचलीच होती. पोच आली तर नक्की कळते. नाही आली तर हुकूम हरवला की पोच, हे कळत नाही. म्हणून पुन्हा पाठवायचे, आणि पुन्हा पाठवायचे तर हुकूम दोनदा पोचल्याने नुकसान होणार नाही असाच ठेवायचा. तिने आकृतीतल्या 'उलट कर'वर काट मारून 'लाव' आणि 'विझव' लिहिले. मग हिरव्या दिव्याशेजारी आणखी एक गोल काढला, पिवळा म्हणून लिहिले, आणि खाली अक्षरे काढली : 'माहीत नाही'.